माशांची पटनोंदणी

मुलांनो, जून महिना जवळ आला की आम्हा प्राथमिक शिक्षकांची एक फेरी सुरू होते. हातात वही घ्यायची, गल्लीबोळांतून आणि वाड्यावस्त्यांवरून हिंडायचं आणि दारोदारी विचारायचं, "तुमच्याकडे सहा वर्षांचं कुणी आहे का हो?" याला म्हणतात पटनोंदणी. पहिलीच्या पटावर मुलं कमी आली की आम्हाला काळजी लागते. कारण साधं आहे. आज पहिलीत पाचच मुलं असतील, तर चार वर्षांनी पाचवीत पाचच आणि नऊ वर्षांनी दहावीतही पाचच! आज दहावीचा वर्ग गच्च भरलेला दिसतो, म्हणून शाळेचं सगळं ठीक चाललंय असं समजायचं नसतं.

आज तुम्हाला अशाच एका पटनोंदणीची गोष्ट सांगणार आहे. पण हा पट मुलांचा नाही, माशांचा आहे. आणि ही नोंदणी वेळेवर झाली म्हणून एक आख्खा मासा संपता संपता वाचला.

आधी नकाशासंग्रह काढा पाहू. अमेरिकेचा पूर्व किनारा शोधा. वॉशिंग्टन हे राजधानीचं शहर सापडलं? त्याला लागून पोटोमॅक नदी वाहते. ती जिथे जाऊन मिळते, ते जमिनीत लांबवर शिरलेलं पाणी म्हणजे चेसापीकचा उपसागर. लांबी सुमारे ३२० किलोमीटर! वरच्या बाजूला मेरीलँड राज्य, खालच्या बाजूला व्हर्जिनिया राज्य. नद्यांचं गोडं पाणी आणि अटलांटिक महासागराचं खारं पाणी इथे एकमेकांत मिसळतं. आपल्या खाड्यांमध्ये असतं ना मचूळ पाणी, अगदी तसंच.

या पाण्यात आपला आजचा नायक राहतो. चंदेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. जणू कुणी पट्टी धरून वहीत आखल्यासारख्या! इंग्रजीत त्याला स्ट्राइप्ड बास म्हणतात. आपण त्याला पट्टेवाला म्हणू. मेरीलँडचे लोक त्याला रॉकफिश म्हणतात आणि १९६५ पासून तो त्यांचा राज्यमासा आहे. हा मासा तीस वर्षंसुद्धा जगू शकतो आणि एखादी जुनी मादी वीस-पंचवीस किलोंची भरते. म्हणजे तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाएवढी!

पट्टेवाला मोठा झाला की समुद्रात राहतो, पण अंडी घालायला नद्यांच्या गोड्या पाण्यात येतो. आपल्याकडचा पाला मासा, म्हणजे हिल्सा, असाच समुद्रातून नदीत चढतो. एप्रिल ते जूनच्या सुमारास पट्टेवाल्याच्या माद्या चेसापीकला मिळणाऱ्या नद्यांमध्ये शिरतात. साडेपाच किलोंच्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात, आणि तेवीस किलोंच्या मादीच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त. केवढी मोठी गाबोळी, विचार करा! अंडी प्रवाहाबरोबर तरंगत राहतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. पण त्यातून निघालेली बहुतेक पिल्लं मरून जातात. किती जगतील, ते त्या वर्षीची थंडी कशी होती, पाऊस किती झाला, नदीला पाणी किती, यावर ठरतं. त्यामुळे एखाद्या वर्षी पिल्लंच पिल्लं, तर एखाद्या वर्षी अगदी नावापुरती.

या माशाचं आणि शाळेचं नातं फार जुनं आहे बरं का! साडेतीनशे वर्षांपूर्वी, १६७० साली, अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीनं ठरवलं, की पट्टेवाला, बांगड्याच्या कुळातले मासे आणि हेरिंग या मासेमारीतून जो पैसा मिळेल, त्यातून मुलांसाठी मोफत शाळा चालवायची. त्याच्याही आधी, १६३९ साली, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत कायदा झाला होता, की पट्टेवाला आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून टाकायचे नाहीत. खत म्हणून! म्हणजे त्या काळी मासे किती असतील, याचा अंदाज करा.

आता तिथून सरळ १९७३ सालात येऊ. त्या वर्षी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी साडेसहा हजार टनांहून जास्त पट्टेवाला पकडला. सगळे खूश. नवी जाळी, नव्या होड्या. आणि दहाच वर्षांनी, १९८३ साली, आकडा उतरला १,६०० टनांच्या आसपास. चार टोपल्यांच्या जागी एकच टोपली! या किनाऱ्यावर ये-जा करणाऱ्या पट्टेवाल्यांपैकी बहुतेकांचा जन्म चेसापीकच्या नद्यांमध्येच होतो. त्यामुळे चेसापीकचं घर बसलं, की सगळा किनाराच बसला.

मग अर्थातच भांडण जुंपलं. मच्छीमार म्हणाले, "आमचं काय चुकलं? नद्यांत कारखान्यांची घाण आली, त्यानं पिल्लं मरताहेत." हौसेनं गळ टाकणारे म्हणाले, "मच्छीमारांच्या जाळ्यांनीच सगळं ओरबाडलं." मच्छीमार उलटून म्हणाले, "आणि तुमचे हजारो गळ?" प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. तुमच्या वर्गात काच फुटल्यावर जसं होतं, तसंच!

अशा वेळी आरडाओरडा करून काही हाती लागत नाही, मोजूनमापून बघावं लागतं. १९७९ साली अमेरिकेच्या संसदेनं या माशाचा तातडीनं अभ्यास करायला सांगितलं. शास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांना दिसलं, की नद्यांमधलं प्रदूषण खरंच होतं. काही ठिकाणी पाणी आम्ल झालं होतं आणि त्यात विरघळलेले धातू इवल्या पिल्लांना सोसत नव्हते. पण मुख्य कारण होतं प्रमाणाबाहेरची मासेमारी. मासे आधीच इतके कमी उरले होते, की एखादं वाईट वर्ष आलं तरी त्यांना ते सोसवत नव्हतं. घरात धान्याचं कोठार भरलेलं असेल तर एक दुष्काळ निभावतो. डबाच रिकामा असेल तर?

आणखी एक गोष्ट उघड झाली. मेरीलँडमध्ये अनेक वर्षं नियम होता, की १२ इंचांपेक्षा लहान पट्टेवाला पकडायचा नाही. तुमच्या दप्तरातली फूटपट्टी काढा. झाले १२ इंच. एवढा मासा साधारण दोन वर्षांचा असतो. पण मादी पहिल्यांदा अंडी घालते ती चार वर्षांची झाल्यावर, आणि पुष्कळ माद्या तर सहा-आठ वर्षांच्या झाल्यावर! म्हणजे नियम पाळूनसुद्धा लोक अशा माद्या पकडत होते, ज्यांनी आयुष्यात एकदाही अंडी घातली नव्हती. कायदा होता, पण त्यातला आकडाच माशाच्या वयाशी जुळत नव्हता.

आता या गोष्टीतली ती पटनोंदणी. "बाई, मासे कसे मोजायचे? ते तर पळतात!" असं तुम्ही म्हणणारच. सगळे मासे मोजता येत नाहीत, हे खरंच आहे. म्हणून मेरीलँडचे शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. १९५४ सालापासून ते ती करत आले आहेत. मोठे मासे मोजण्याऐवजी ते त्याच वर्षी जन्मलेली बोटुकली मोजतात. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आपल्या भाषेत पहिलीची मुलं.

ठरलेल्या २२ जागा आहेत. प्रत्येक जागी सुमारे तीस मीटर लांबीचं जाळं किनाऱ्यालगत गोल फिरवून ओढायचं. आपल्या कोकणात रापण ओढतात ना, तीच रीत, फक्त जाळं छोटं. प्रत्येक जागी दोनदा ओढायचं. आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने दर महिन्याला एकदा जायचं. करा गणित : २२ गुणिले २ गुणिले ३. उत्तर १३२. म्हणजे वर्षाला १३२ वेळा जाळं ओढलं जातं. दर वेळी पट्टेवाल्याची पिल्लं मोजायची, वहीत लिहायची आणि पिल्लं परत पाण्यात सोडायची. शेवटी सगळ्या पिल्लांची बेरीज करून १३२ ने भागायचं. जी सरासरी येते, तो त्या वर्षीचा पट.

यातली गंमत कळली का? जागा त्याच, जाळं तेच, महिने तेच. म्हणून यंदाचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. कुणी म्हणेल, "अहो, पुढच्या वळणावर भरपूर पिल्लं आहेत, तिथे टाका जाळं!" तर ते चालत नाही. आज इथे, उद्या तिथे मोजलं तर मासे वाढले की मोजणारा बदलला, तेच कळणार नाही.

या वहीत काय दिसलं, बघा. १९७० साली पट होता तीसच्या वर. खूप मोठी तुकडी! १९७३ साली मच्छीमारांच्या टोपल्या भरल्या, त्यात या तुकडीचा मोठा वाटा होता. पण त्यानंतर पट घसरत गेला. १९८१ साली तो १.२ वर आला. १९८३ साली १.४. मधल्या १९८२ साली मात्र जरा बरं घडलं. आकडा आला ८.४. फार मोठा नाही, पण आजूबाजूच्या वर्षांच्या मानानं खूपच चांगला. अंधारात लागलेली पणतीच जणू.

शास्त्रज्ञांनी ठरवलं, या १९८२ च्या तुकडीला काही झालं तरी मोठं होऊ द्यायचं.

पण मासा काही एका राज्याच्या मालकीचा नसतो. आज मेरीलँडमध्ये, तर उद्या तो न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर. एकानं वाचवायचा आणि दुसऱ्यानं पकडायचा, असं झालं तर काय उपयोग? अटलांटिक किनाऱ्यावरच्या १५ राज्यांचा १९४२ पासून एक सामाईक मत्स्य आयोग आहे. १९८४ साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला, की या आयोगानं ठरवलेले नियम जे राज्य पाळणार नाही, तिथली पट्टेवाल्याची मासेमारी केंद्र सरकार सरळ बंद करेल. त्याच वर्षी मेरीलँडचे गव्हर्नर हॅरी ह्यूज यांनी जाहीर केलं, की १ जानेवारी १९८५ पासून आमच्या राज्यात पट्टेवाला पकडायला पूर्ण बंदी. जाळ्यानं नाही, गळानंही नाही. १९८५ मध्येच डेलावेअर राज्यानंही बंदी घातली. पुढे १९८९ साली व्हर्जिनियानंही मासेमारी बंद ठेवली.

आणि बाकीच्या राज्यांनी काय केलं? त्यांच्यासाठी फार साधी पण हुशारीची युक्ती होती. १९८२ ची पिल्लं जसजशी वाढतील, तसतशी पकडायच्या माशाची किमान लांबी वाढवत न्यायची. मासा वाढला की नियमही वाढला! म्हणजे ती तुकडी कायम नियमाच्या एक पाऊल मागेच राहणार आणि जाळ्यातून सुटणार. उद्दिष्ट होतं, की या तुकडीतल्या आणि त्यामागून येणाऱ्या तुकड्यांमधल्या १०० माद्यांपैकी ९५ माद्यांनी निदान एकदा तरी अंडी घालावीत. एवढंच. पकडूच नका असं नाही. आधी एकदा आई होऊ द्या, मग पकडा.

मुलांनो, वाचायला हे सोपं वाटतं. पण ज्याचं घर या माशावर चालत होतं, त्याला पाच वर्षं कशी गेली असतील? बापजाद्यांचा धंदा एका दिवसात थांबला. खेकडे आणि कालवं यांच्यावर कसंबसं भागवावं लागलं. पुष्कळ मच्छीमारांना ही बंदी अन्यायाची वाटत होती, आणि त्यांचा राग अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. कारण मासा सगळ्यांनी मिळून कमी केला होता, पण उपास सर्वांत जास्त त्यांना घडत होता. म्हणून असे निर्णय घेताना नुसते मासे मोजून भागत नाही. त्या माशांवर किती चुली पेटतात, तेही मोजावं लागतं.

बंदी कधी उठवायची, हेही आधीच ठरवलं होतं. लागोपाठच्या तीन वर्षांच्या पटाची सरासरी ८ च्या वर गेली, की उठवायची. कुणाला वाटलं म्हणून नाही आणि कुणी मोर्चा काढला म्हणूनही नाही. वर्षामागून वर्षं गेली. आकडे छोटेच. १९८२ च्या माद्या मात्र समुद्रात मोठ्या होत होत्या. आणि १९८९ साली जाळी भरली. पट आला २५ च्या वर! तीन वर्षांची सरासरी ८ च्या पुढे गेली आणि १९९० साली मासेमारी पुन्हा सुरू झाली. पण हळूहळू बरं का. ठरावीक दिवस आणि ठरावीक वजन. १९९५ साली आयोगानं जाहीर केलं, की चेसापीकचा पट्टेवाला पूर्ववत झाला आहे. पुढच्याच वर्षी, १९९६ साली, पट आला ५९.४. या वहीतला सगळ्यांत मोठा आकडा!

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगणार नाही.

मासे वाढले, तसे गळ टाकणारेही वाढले. आज हा मासा सर्वांत जास्त मारला जातो तो मच्छीमारांच्या जाळ्यांनी नाही, तर हौशी लोकांच्या गळांनी. "पण आम्ही मासा परत सोडून देतो," असं ते म्हणतात. खरं आहे. पण सोडलेल्या १०० माशांपैकी ९ मासे पुढे मरतात, असं शास्त्रज्ञ हिशोबात धरतात. लाखो मासे पकडून सोडले, तर हे नऊ-नऊ मिळून किती होतील? शिवाय हिवाळे पूर्वीसारखे थंड राहिले नाहीत. थंडी कडक पडली आणि वसंतात नद्या भरून वाहिल्या, की पट्टेवाल्याची पिल्लं चांगली जगतात. हिवाळा उबदार आणि कोरडा गेला, की पट घसरतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की पट्टेवाला पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेला आहे. आणि वही काय सांगते? २०१९ पासून २०२४ पर्यंत सलग सहा वर्षं पट सरासरीच्या पुष्कळ खाली. सरासरी ११ च्या आसपास असते, तर २०२३ साली आकडा होता फक्त १. आयोगानं आता २०२९ पर्यंत हा मासा पुन्हा सावरायचं ठरवलं आहे. २०१५ साली एक चांगली तुकडी जन्मली होती, तिला वाचवायचं म्हणून २०२३ साली नवा नियम आला. समुद्रात गळानं पकडताना मासा २८ इंचांपेक्षा लहान नको आणि ३१ इंचांपेक्षा मोठाही नको. १९८२ च्या तुकडीसाठी नियम तिच्या पुढे पळत होता. २०१५ ची तुकडी मोठी झाली होती, म्हणून या वेळी तिच्या डोक्यावर छप्पर घातलं.

म्हणजे पहिले कष्ट वाया गेले का? मुळीच नाही. त्या पाच वर्षांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं मासा दिला. पण मासा एकदा वाचवला की कायमचा वाचला, असं होत नाही. दात एकदा घासून चालतं का? तसंच हे. दर वर्षी मोजायचं आणि आकडा सांगेल ते ऐकायचं. मोजणं अवघड नाही, ऐकणं अवघड आहे.

आता आईबाबांसाठी चार ओळी. आपल्या महाराष्ट्रातही हाच विचार कायद्यात आला आहे. २०२३ साली राज्य सरकारनं ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी पकडायची नाही. हे आकार केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासावर आधारलेले आहेत. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला. नियम पाळण्याची जबाबदारी कोळी बांधवांची आहेच, पण बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्याचीही आहे. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्तात मिळालं म्हणून आपण आनंदानं घेतो, तेव्हा पुढच्या सालची गाबोळी आपण आजच कढईत टाकत असतो. पुढच्या वेळी मुलांना बाजारात बरोबर न्या. लहान मासा दाखवून कोळीणमावशींना विचारा, "मावशी, हा एवढाच असतो की अजून वाढला असता?" त्यांना शाळेतल्या पुस्तकापेक्षा जास्त माहिती असते.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हा आठवड्याचा प्रश्न. हे गाव माझ्या मनातलं आहे, नकाशावर शोधू नका! या गावच्या खाडीत एक मासा मिळतो. तो चार वर्षांनी मोठा होतो. गेल्या पाच वर्षांत त्याच्या पिल्लांचा पट असा आला : १२, ९, १०, १, १. आज बाजारात मोठे मासे भरपूर आहेत आणि भावही चांगला मिळतोय. कोळीवाड्यात घरोघरी नवी जाळी घ्यायचं चाललंय. तुम्ही त्या गावचे सरपंच आहात. आज ग्रामसभेत तुम्ही काय सांगाल? आणि कुणी उठून विचारलं, "सरपंच, मग आमच्या पोराबाळांनी खायचं काय?" तर त्याला काय उत्तर द्याल?

पोस्टकार्डावर दहा ओळींत लिहून पाठवा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना येईल. मी वाट बघणार आहे ती दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची.